लेकीचं ऑनलाइन गेमिंग लावून देताना: अकाउंट, परवानग्या, मेंबरशिप आणि मधली सगळी वाट बघणी

लेक दहा वर्षांची आहे. तिच्या वर्गातल्या तिघीचौघी मिळून माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधायच्या गेममध्ये एक गाव बांधतायत आणि तिला त्या गावात जायचं होतं, मागणी एवढीच. घरात निन्टेंडोचं स्विच कन्सोल आहे, गेमचं कार्ट्रिज आहे, वायफाय आहे, त्यामुळे कुणालाही वाटेल की आता बटण दाबलं की झालं. मार्चच्या सुरुवातीला मी यात हात घातला आणि सगळं नीट चालू व्हायला एप्रिल उजाडला. काय काय झालं ते क्रमाने लिहून ठेवतेय, कारण शोधलं की प्रत्येक ठिकाणी एकेका कंपनीपुरतं उत्तर मिळतं आणि ते सगळं एकत्र कसं बसवायचं हे मात्र आपल्यालाच जुळवावं लागतं, आणि त्या जुळवण्यात रात्रीचे अकरा कधी वाजतात कळत नाही.

पहिल्या शनिवारी मी फक्त कागद घेऊन बसले आणि काय काय लागणार ते लिहिलं. एक म्हणजे अकाउंट, म्हणजे ही कोण आणि हिचं वय काय. दुसरं म्हणजे परवानग्या, कुणाशी खेळायचं, कुणाशी बोलायचं, किती वेळ, पैसे खर्च करायचे की नाही. आणि मग मेंबरशिप, म्हणजे ऑनलाइन खेळायला कन्सोलवाल्यांना द्यायचे पैसे. या गोष्टी वेगवेगळ्या जागी असतात आणि मेंबरशिप घेतली म्हणून परवानगी मिळत नाही. स्विचवर माइनक्राफ्ट ऑनलाइन खेळायचं तर दोन अकाउंट लागतात, एक निन्टेंडोचं आणि एक मायक्रोसॉफ्टचं. माइनक्राफ्ट बनवणारी मोजांग कंपनी 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, आणि टॅब्लेटवर खेळणारी मैत्रीण, कॉम्प्युटरवर खेळणारी मैत्रीण आणि स्विचवर खेळणारी आपली मुलगी यांना एकत्र आणायचं काम त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून होतं. म्हणजे फॅमिली ग्रुपसुद्धा दोन. निन्टेंडोच्या ग्रुपमध्ये आठ जण मावतात, मायक्रोसॉफ्टच्या ग्रुपमध्ये सहा, आणि दोन्हीकडे मोठ्या माणसाने आधी स्वतःचं अकाउंट काढून मग मुलाला आत घ्यायचं असतं.

निन्टेंडोचं पटकन झालं. माझ्या अकाउंटमधूनच तिचं देखरेखीखालचं अकाउंट काढता आलं, खरी जन्मतारीख टाकली आणि स्विचवरच्या तिच्या प्रोफाइलला ते जोडलं.

मायक्रोसॉफ्टकडे अडलं. गेल्या सुट्टीत तिच्या मामेभावाने हौसेने तिचं अकाउंट काढून दिलेलं होतं, आणि कुठे परवानगी मागायला नको म्हणून जन्मसाल असं टाकलेलं की हिशेबाने आमची लेक पंचविशीची. मुलं हे सर्रास करतात, त्याच्याही मनात वाईट काही नव्हतं. पण याचा परिणाम काय होतो ते सांगते. त्या अकाउंटला सिस्टीम मोठं माणूस समजते, म्हणजे आई-बाबांची परवानगी लागत नाही, अनोळखी माणसाचं फ्रेंड रिक्वेस्ट अडत नाही, मुलांसाठी म्हणून जे काही आपोआप बंद असतं ते सगळं उघडं राहतं. आणि मी कितीही पेरेंटल कंट्रोल लावायला गेले तरी ते लावणार कुणावर, त्यांच्या लेखी तिथे मूलच नाही.

त्या संध्याकाळी घरात रडारड झाली. जुन्या अकाउंटवर तिने गिफ्ट कार्डातून घेतलेले स्किन, म्हणजे गेममधल्या आपल्या पात्राचे पोशाख, होते आणि नवीन अकाउंट काढलं तर ते जाणार. "आई, नुसती तारीख बदल ना," तिचं म्हणणं. ते करून बघता आलं असतं, पण जुन्या अकाउंटच्या फ्रेंड लिस्टमध्ये मामेभावाच्या मित्रांचे मित्र अशी बरीच नावं होती जी तिलाही माहीत नव्हती, त्यामुळे आम्ही नवीनच काढायचं ठरवलं. तिने बांधलेली दुनिया कन्सोलवर सेव्ह होती, ती जशीच्या तशी राहिली, हे दाखवल्यावर ती जरा शांत झाली. स्किन गेले ते गेले. त्याचं तिला वाईट वाटलं आणि मलाही वाटलं, कारण तिने ते पैसे जपून ठेवलेले होते. तुमच्या घरी असं जुनं अकाउंट असेल तर कार्ड जोडायच्या आधी, काहीही विकत घ्यायच्या आधी त्यातली जन्मतारीख बघा. जितकं उशिरा कळेल तितकं सोडायला जास्त जड जातं.

नवीन अकाउंटला खरी तारीख टाकल्याबरोबर पालकांच्या संमतीचं पान आलं. तेरा वर्षांखालच्या मुलांना पालकांची संमती लागते हे गणित कुठून आलं ते मला जाणून घ्यायचं होतं म्हणून वाचलं. अमेरिकेत 1998 मध्ये कोप्पा नावाचा कायदा झाला, तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर आई-वडिलांची संमती हवी असा. युरोपात जीडीपीआर या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्यात ही मर्यादा सोळा आहे आणि प्रत्येक देशाला ती तेरापर्यंत खाली आणता येते. म्हणून एकाच गेमची दोन देशांतली मुलं वेगवेगळ्या वयापर्यंत परवानगी मागत बसतात, आणि परदेशातल्या नातेवाइकांनी सांगितलेल्या स्टेप आपल्या स्क्रीनवर तशाच दिसतील असं नाही. संमती देणारा खरंच मोठा आहे का ते तपासायला काही ठिकाणी कार्डावर अगदी किरकोळ रक्कम लावतात, काही ठिकाणी ओळखपत्र मागतात. कार्ड आणि फोन दोन्ही हाताशी घेऊनच बसा, कारण ओटीपी येईपर्यंत पान बंद झालं की पुन्हा पहिल्यापासून.

मग आल्या परवानग्या, आणि या भागाला सगळ्यात जास्त वेळ लागला, लागायलाच हवा असं माझं मत आहे. मायक्रोसॉफ्टकडे दोन वेगळी अ‍ॅप आहेत. फॅमिली सेफ्टी आहे ते जास्त करून कॉम्प्युटर, ब्राउझर, स्क्रीन टाइम यासाठी, आणि एक्सबॉक्स फॅमिली सेटिंग्ज आहे ते खेळाच्या बाजूचं. आमच्याकडे एक्सबॉक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं कन्सोल, नाहीये म्हणून मला वाटलं दुसऱ्याचा काय संबंध, पण माइनक्राफ्टमधल्या मल्टिप्लेअरच्या, मित्र जोडायच्या, बोलायच्या परवानग्या या एक्सबॉक्सच्या प्रायव्हसी सेटिंगमध्येच असतात, तुम्ही कुठल्याही मशीनवर खेळा. तिथे मल्टिप्लेअर गेममध्ये जाता येणं वेगळं, मित्र जोडणं वेगळं, एक्सबॉक्सच्या बाहेरच्या लोकांशी खेळणं वेगळं, बाहेरच्यांशी बोलणं वेगळं. तुमच्या अकाउंटच्या सेटिंगमुळे मल्टिप्लेअर बंद आहे अशा अर्थाचा मेसेज गेममध्ये आला तर गेम बिघडलाय असं समजू नका, यातलीच एखादी खिडकी बंद असते. आणि बदल केल्यावर गेममधून साइन आउट करून पुन्हा साइन इन करावं लागतं, नाहीतर मेसेज तसाच येत राहतो आणि आपण उगाच भलतीच सेटिंग उघडत सुटतो. स्विचवर साइन इन करताना स्क्रीनवर कोड येतो, तो दुसऱ्या फोनवर लिंक उघडून टाकायचा, आणि तिथे मुलीच्या अकाउंटने साइन इन करायचं, आपल्या नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये आपण आधीच साइन इन असतो म्हणून हे बघून घ्या.

या परवानग्या मी तिला शेजारी बसवून ठरवल्या, एकेक वाचून दाखवून. माझ्या मते पेरेंटल कंट्रोलमधला खरा भाग हाच आहे, बाकी सगळी बटणं. मित्र जोडायला माझी परवानगी लागेल, हे तिला लगेच पटलं. खर्चाला माझी परवानगी, हेही ठीक. टेक्स्ट चॅट आणि व्हॉइस चॅटवर मात्र ती भांडली, आणि तिचा मुद्दा बरोबर होता, "मग मी त्यांना सांगू कसं की दगड संपले, कुणीतरी आणा?" मी तिला विचारलं की ज्यांना दगड आणायला सांगायचंय त्या सगळ्यांच्या आया माझ्या ओळखीच्या आहेत ना, मग आमच्या फोनवरून ग्रुप कॉल लावू आणि फोन स्पीकरवर ठेवू. तेच केलं. चॅट गेममध्ये फक्त मित्रांपुरता उघडा ठेवला, व्हॉइस बंद ठेवला. आता त्यांचा सगळा गलका मला स्वयंपाकघरात ऐकू येतो आणि मला ते आवडतं. गेमवरच्या वयाच्या शिक्क्यावर इथे विसंबू नका. माइनक्राफ्टला युरोपच्या पेगी या वयाचा शिक्का देणाऱ्या संस्थेत 7 आहे, अमेरिकेच्या तशाच ईएसआरबीमध्ये दहा वर्षांपुढच्यांसाठी, पण तो शिक्का गेममध्ये काय दाखवलंय त्याचा असतो. ऑनलाइन समोरचा माणूस काय बोलेल ते त्यात धरलेलं नसतं, ईएसआरबी तर तसं स्पष्ट लिहितेही.

वेळेची मर्यादा निन्टेंडोच्या बाजूने लावली. त्यांचं पेरेंटल कंट्रोलचं वेगळं मोफत अ‍ॅप आहे, फोनवर घ्यायचं, त्यात सहा आकडी कोड येतो तो स्विचवर टाकला की जोडलं जातं. कुठल्या दिवशी किती वेळ, रात्री किती वाजता बंद, हे वारानुसार ठरवता येतं, कोण काय किती वेळ खेळलं ते दिसतं, महिन्याचा गोषवारा येतो. पण आमच्या या स्विचवर वेळेची मर्यादा अख्ख्या कन्सोलला लागते, एकेका माणसाला नाही. रविवारी सकाळी नवऱ्याने मारिओ कार्ट खेळलं आणि दुपारी लेकीची वेळ संपलेली, मग त्या दिवसापुरती मर्यादा फोनवरून उठवून दिली. अ‍ॅपमध्ये वेळ संपल्यावर खेळ थांबवायचा असाही पर्याय आहे, तो चालू नसेल तर नुसता अलार्म येतो. आम्ही अलार्मच ठेवलाय. सुरुवातीला थांबवायचा पर्याय लावून बघितला तर गावाच्या मधोमध, बाकीच्या मुली चालू आहेत आणि हिच्यासमोर एकदम स्क्रीन झाकला, तिचा चेहरा बघवेना. अलार्म वाजला की मैत्रिणींना निरोप देऊन उठायचं असं ठरलंय आणि ते बरंचसं पाळलं जातं, न पाळलं जातं तेव्हा अ‍ॅपमध्ये दिसतं आणि आम्ही बोलतो. ई-शॉप या निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानातल्या खरेदीवरचं बंधन मात्र या अ‍ॅपमध्ये सापडणार नाही, ते निन्टेंडो अकाउंटच्या वेबसाइटवर फॅमिली ग्रुपमध्ये मुलाच्या नावावर जाऊन लावायचं.

एवढं सगळं झाल्यावर, म्हणजे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, मेंबरशिपकडे वळलो. स्विच ऑनलाइन या निन्टेंडोच्या मेंबरशिपचं सात दिवसांचं मोफत ट्रायल मिळतं आणि ते आम्ही मुद्दाम शेवटपर्यंत राखून ठेवलं होतं, कारण परवानग्या जुळवण्यातच ते सात दिवस गेले असते. ट्रायल संपलं की आपोआप पैसे कापून मेंबरशिप सुरू होते, म्हणून ट्रायल घेतल्या घेतल्या ऑटो रिन्युअल बंद करायचं, ते बंद केलं तरी उरलेले दिवस वापरता येतात. मग एका महिन्याची, तीन महिन्यांची, वर्षाची असे पर्याय असतात, आणि फॅमिली मेंबरशिप फक्त वर्षाची मिळते, ती ग्रुपमधल्या आठही अकाउंटना चालते. दोन वेगवेगळ्या वर्षाच्या मेंबरशिपपेक्षा ती स्वस्त पडते, त्यामुळे घरात दोघं ऑनलाइन खेळणारे असतील तर हिशेब सरळ आहे. आमच्याकडे बाबाही खेळतात म्हणून फॅमिलीची घेतली. पैसे कार्डाने न भरता कोड विकत घेऊन भरले, म्हणजे मुलीच्या हातातल्या मशीनमध्ये कार्ड साठवलेलं राहत नाही.

मेंबरशिप घ्यायच्या आधी ती खरंच लागते का तेही बघा. माइनक्राफ्ट टॅब्लेटवर किंवा कॉम्प्युटरवर मित्रांबरोबर खेळायला अशी कन्सोलची मेंबरशिप लागत नाही. फोर्टनाइटसारखे फुकट गेम स्विचवर मेंबरशिपशिवाय ऑनलाइन चालतात. लेकीच्या एका मैत्रिणीची आई नुसती त्यासाठी घेणार होती, तिला थांबवलं.

गावासाठी मुलींना कायमची जागा हवी होती, नाहीतर जिच्या मशीनवर ती दुनिया आहे ती खेळत नसेल तेव्हा बाकीच्यांना आत जाता येत नाही. त्यासाठी रेल्म्स प्लस नावाची वेगळी मासिक मेंबरशिप असते, एकीने घ्यायची आणि बाकीच्यांना आमंत्रण द्यायचं, मालकाशिवाय आणखी दहा जण एका वेळी खेळू शकतात आणि आमंत्रितांना त्याचे पैसे पडत नाहीत. कन्सोलवरून येणाऱ्याला कन्सोलची मेंबरशिप मात्र लागतेच. एका आईने रेल्म घेतला, आम्ही बाकीच्या तिला वाटणी देतो. मला रेल्म आवडतो कारण आमंत्रण नसलेला कुणी आत येत नाही, लहान मुलींसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. मधून मधून ती दुनिया डाउनलोड करून ठेवायला त्या आईला सांगितलंय.

या सगळ्याच्या मधेच एक वेगळंच प्रकरण निघालं. आजोबांच्या फोनवर लेक कधीतरी रंगवायचा एक खेळ खेळायची, त्यात मोफत ट्रायल म्हणून काहीतरी दाबलं गेलं आणि दर आठवड्याला पैसे जायला लागले. आजोबांना वाटलं खेळ काढून टाकला की संपलं, त्यांनी काढून टाकला, पैसे जातच राहिले. अ‍ॅप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही, ते अ‍ॅप स्टोअरच्या अकाउंटमध्ये सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन बंद करावं लागतं, आणि जिथून सुरू झालं तिथूनच. ते केलं आणि तिथेच रिफंडचा अर्ज टाकला, मुलाने न समजता केलेली खरेदी असं कारण निवडलं, तारखा आणि ऑर्डर नंबर दिले. बरेच दिवस नुसतं विचाराधीन दिसत होतं. शेवटी अलीकडचे पैसे परत आले, सगळ्यात जुने नाही आले. अर्ज जितक्या लवकर तितकं बरं.

यातून मला पक्कं कळलं की नियम चिकटतात अकाउंटला. आजोबांचा फोन म्हणजे मोठ्या माणसाचं अकाउंट, तिथे आमचं कुठलंच कंट्रोल पोहोचत नाही. आता त्या फोनवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावलाय आणि लेकीला तिचा टॅब्लेट दिलाय, त्यावर गुगलचं फॅमिली लिंक हे पालकांसाठीचं अ‍ॅप आहे, सगळ्या खरेदीला माझी मंजुरी असा पर्याय ठेवलाय. पण ती मंजुरी गुगल प्लेच्या बिलिंगमधून जाणाऱ्या खरेदीलाच लागते, गेमच्या स्वतःच्या वेबसाइटवर कार्ड टाकलं तर नाही, म्हणून कार्ड कुठेच साठवायचं नाही हा आमचा नियम. मुलांकडून एका बटणात खरेदी होणं ही काही आपल्याच घरची गोष्ट नाही. अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने डिसेंबर 2022 मध्ये फोर्टनाइटवाल्या एपिक गेम्सशी जी तडजोड जाहीर केली त्यात नको असलेल्या खरेद्यांच्या परताव्यासाठी 24.5 कोटी डॉलर होते, आणि मुलांच्या माहितीच्या नियमांसाठी 27.5 कोटी वेगळे. हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांच्या मनावरचं ओझं थोडं कमी झालं, ते स्वतःला फार बोल लावत होते.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी ती गावात पोहोचली. तिला नदीच्या पलीकडची जागा मिळाली.

लगेच पुढची मागणी रोब्लॉक्स या दुसऱ्या ऑनलाइन गेमची आली, आणि या वेळी काम भराभर झालं कारण क्रम माहीत होता. खऱ्या तारखेचं अकाउंट, मग माझं पालक अकाउंट ओळखपत्राने पडताळून तिच्याशी जोडलं, मग मजकुराची पातळी, चॅट, महिन्याच्या खर्चाची मर्यादा, वेळ. हे पालकांनी स्वतःच्या अकाउंटवरून लांबून बघायचं काम तिथे नोव्हेंबर 2024 पासून करता येतं, त्याआधी मुलाच्याच अकाउंटमध्ये पिन टाकून करावं लागायचं. मेंबरशिप घेतली नाही. दर महिन्याला रोबक्स, म्हणजे तिथले खेळातले पैसे, मिळतात म्हणजे दर महिन्याला खर्चाचा विषय निघणार, त्यापेक्षा कधीतरी एक गिफ्ट कार्ड आणि ते कशावर घालवायचं ते तिने ठरवायचं.

व्हॉइस चॅटचं अजून ठरलेलं नाही, ती सुट्टीत पुन्हा विचारणार आहे आणि तेव्हा बसून बोलू. रिन्युअलच्या सगळ्या तारखा मी फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवडाभर आधीच्या आठवणीसकट टाकल्यात, आणि दोन्ही फॅमिली ग्रुपचे पासवर्ड नवऱ्यालाही दिलेत, कारण मी कामात असताना परवानगीची विनंती आली की तिकडे चार मुली वाट बघत थांबलेल्या असतात.